समुद्रकाठच्या गावात मागितलेला जोगवा

देवीवर माझी भक्ती आहे, पण तिच्याशी भांडण्यातही मी मागं नाही. त्या वर्षी घटस्थापनेच्या सकाळी मात्र मला भांडायलाही शब्द सुचेनात. आयर्लंडच्या समुद्रकाठच्या एका लहानशा गावात आम्ही नवराबायकोनं आमचं पहिलं हॉटेल उघडलं होतं. दाराला कागदी फुलांचं तोरण, उंबऱ्याशी रांगोळी, आत शिऱ्याचा घमघमाट. नारळ फोडून मी बाहेर बघितलं, तर अख्ख्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. शेजारच्या आइस्क्रीमच्या दुकानाला फळ्या ठोकलेल्या, पलीकडच्या खानावळीच्या खुर्च्या एकावर एक रचून साखळीनं बांधलेल्या. समोर एक माणूस शिडीवर चढून आपल्या हॉटेलची पाटी उतरवत होता. आमचं तोरण बघून तो वरूनच म्हणाला, "तुम्ही आत्ता उघडताय?" त्याला खरोखरच आश्चर्य वाटलं होतं. मी हातात खोबऱ्याची वाटी घेऊन तशीच उभी राहिले.

आम्ही जालना जिल्ह्यातल्या पिंपळगाव रेणुकाईचे. आमचे हे पोरवयात जालन्याला मस्तगडमधल्या एका हॉटेलात कामाला लागले, पुढं पुण्यात, पुढं परदेशातल्या मोठ्या शहरात. हाताला चव चांगली, पण सगळं आयुष्य दुसऱ्याच्या भट्टीपुढं गेलं. एकदा उन्हाळ्यात सुट्टीच्या दिवशी आम्ही त्या समुद्रकाठी गेलो. तिथं जत्रेत असते तशी गर्दी होती. खायला रांगा लागलेल्या बघून हे म्हणाले, "इथं आपली जागा पायजे." जागा मिळालीही चटकन, आणि आम्ही ती देवीची कृपा समजलो. आमच्याकडं नवरात्र ते दिवाळी हा धंद्याचा हंगाम, म्हणून घटस्थापनेचा मुहूर्त धरला. त्या गावात उन्हाळा सरला की पाहुणे जातात आणि हॉटेलं पार पुढच्या वैशाखापर्यंत बंद होतात, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, कारण आम्ही विचारलंच नव्हतं. आम्ही पंचांग बघितलं, गाव बघायचं राहिलं.

पुढचे दिवस मी फार वाईट काढले. रोज भाजी शिजवायची, दार उघडून वाट बघायची, आणि संध्याकाळी तीच भाजी आपण दोघांनी खायची. शुक्रवारी सकाळी मी खाली आले, तर हे पातेली वर्तमानपत्रात गुंडाळत होते. मान वर न करता म्हणाले, "दसऱ्याला सीमोल्लंघन करू, पण परतीचं. जुन्या शेठला फोन करतो. आपल्या नशिबात मालकी न्हाई." मला त्यांचा राग आला नाही, याचंच मला नवल वाटलं. हा माणूस परत दुसऱ्याच्या भट्टीपुढं जाऊन उभा राहिला, तर पुन्हा कधी स्वतःसाठी काही मागणार नाही, हे मला कळत होतं.

त्याच वेळी पिंपळगावहून आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा फोन आला. मी रडत रडत सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन् जोगवा? आज शुक्कीरवार हाय. मागितला का न्हाई?"

आमच्या घरात रेणुकेचा जोगवा आहे. नवरात्रातल्या मंगळवारी नाहीतर शुक्रवारी घरच्या सुनेनं अनवाणी, हातात परडी म्हणजे वेताची उथळ टोपली घेऊन पाच घरी जायचं, देवीच्या नावानं मूठभर पीठमीठ मागायचं आणि त्याचाच नैवेद्य करायचा. घरात कणग्या भरलेल्या असल्या तरी मागायचंच. परडी मी सोबत आणली होती, पण ती देव्हाऱ्यात ठेवण्यापुरती.

"आत्याबाई, इथं कुणाला माझी भाषा येत नाही. इथं कोण देणार?"

"देणारी ती हाय. तू कशाला तिचा हिशेब करून राह्यली? बिलकुल लाजू नको. जा, पाच दारं घे."

यांनी ऐकलं आणि हातातलं पातेलं खाली ठेवलं. "अगं, लोक पोलिसाला बोलवतील! आपण हाटेल टाकलं का भिकेचा धंदा? उभ्या गावात तोंड दाखवायला जागा राहायची न्हाई." त्यांचं बरोबरच होतं. ज्या गावाला आपण जेवू घालायला आलो, त्याच गावात पीठ मागत फिरायचं! पण उद्या जायचंच असेल तर आता कुणाची लाज धरायची, असंही वाटलं. मी हिरवं लुगडं नेसले, मळवट भरला आणि चपला दाराशी ठेवून बाहेर पडले.

समुद्रावरून वारा असा येत होता की डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. फरशी ओली आणि बर्फासारखी गार. पहिल्या दारी मी घंटी वाजवली. खिडकीचा पडदा हलला, आतून कुणीतरी मला नीट बघून घेतलं आणि पडदा पुन्हा सोडला. दार काही उघडलं नाही. तिथंच माझा निम्मा धीर गेला. पुढच्या दारी एक धिप्पाड बाई आली. मी तोडक्या इंग्रजीत म्हटलं, "देवीसाठी, मूठभर पीठ." तिनं माझ्या पायांकडं बघितलं आणि ती किंचाळलीच. पळत आत गेली आणि लोकरीचे मोजे घेऊन आली. मी मान हलवत राहिले, ती मोजे पुढं करत राहिली. शेवटी मोजे परडीत ठेवले, तेव्हा कुठं ती पिठाला गेली. तिसऱ्या दारी एका म्हाताऱ्या कोळ्यानं चार बटाटे घातले आणि हळूच विचारलं, "हॉटेलात खायला काही उरलं नाही का?" त्या दयेनं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चौथ्या घरच्या तरुण बाईनं साखर दिली, पण दार पुरतं न उघडताच. आई, हे काय मांडलंयस माझं, असं मी मोठ्यानं म्हणाले. मराठीत म्हणाले, म्हणून निभावलं.

त्यापुढचं घर वाटेच्या टोकाला होतं. दार उघडलं एका काठी टेकणाऱ्या वृद्ध बाईनं. तिचं नाव नोरा, हे नंतर कळलं. मी काही बोलायच्या आतच तिची नजर परडीवर गेली आणि तिथंच खिळली. तिचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, म्हातारी आता पडते की काय. तिनं एवढंच विचारलं, "कुणाच्या नावानं मागतेस?"

आजवर हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "आईच्या."

ती आत गेली. वाडगाभर पीठ घेऊन आली आणि ओंजळीनं परडीत घातलं. मग वाकून तिनं परडीच्या काठाला बोटं लावली आणि ती बोटं कपाळाला नेली. माझ्या गावातली बाई जसा जोगवा वाढते, तसा तो वाढला होता, आणि या बाईनं पिंपळगावचं नावही ऐकलेलं नव्हतं. मला हुंदका आवरेना.

तिनं मला आत चुलीपाशी बसवलं आणि सांगितलं. त्यांच्या एका संत बाईंचा सण थंडीच्या शेवटाला येतो. तिच्या लहानपणी आदल्या संध्याकाळी पोरी गवताची बाहुली करायच्या, तिला पांढरा कपडा नेसवायच्या आणि संत बाईंच्या नावानं दारोदार मागायच्या. कुणी अंडी द्यायचं, कुणी लोणी, कुणी पाव. या गावात तिच्याबरोबरच्या पोरी पांगल्या आणि ते बंद पडलं. शेवटची मागणारी तीच. टोपली धरून कुणी आपल्या दारात येईल, असं तिला आता वाटतच नव्हतं.

"मागून आणलेल्याचं तुम्ही काय करता?" तिनं विचारलं.

"नैवेद्य करून घरातले खातो."

तिनं जोरात मान हलवली. "आमच्यात ज्यानं दिलं तो खायला येतो. किती घरं झाली?"

पाचवं तिचंच होतं, असं मी सांगितलं. पण पडदा सोडणाऱ्या घराचं ऐकून तिनं कोट चढवला, काठी घेतली आणि मला त्या दारी परत घेऊन गेली. दारावर तिनं काठी अशी आपटली की आतल्या गृहस्थाला उघडावंच लागलं. ती त्यांच्या बोलीत काहीतरी बोलली. त्यानं निमूटपणे मीठ आणून घातलं. आत्याबाईंच्या हिशेबात एकाच दारी दोनदा जाणं बसतं की नाही, ते मी आजपर्यंत विचारलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी देणाऱ्यांना जेवायला बोलावलं आणि त्या पिठाच्या पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि थोडा शिरा केला. यांनी गुंडाळलेली पातेली पुन्हा सोडली, तोंडानं पुटपुटत का होईना. पाच-सहा माणसं येतील असं मी धरून चालले होते. दुपारी नोराबाईनं दार ढकललं, आणि तिच्यामागं जी रांग होती ती बघून हे झारा हातात धरून भट्टीपाशी उभेच राहिले. मोज्यांची बाई होती, तिनं आधी माझे पाय तपासले. कोळीबाबा होते, मीठवाले गृहस्थ होते, आणि मी ज्यांच्या दारी गेलेही नव्हते अशी कितीतरी माणसं. खुर्च्या पुरेनात. घरातलं पीठ काढून पुऱ्या लाटत राहिलो. पैसे कुणाकडून घेतले नाहीत, प्रसादाचे कसे घेणार?

जेवता जेवता मीठवाले गृहस्थ म्हणाले, "उन्हाळ्यात सगळी हॉटेलं पाहुण्यांसाठी असतात. ते गेले की कुलपं लागतात. थंडीत गरम जेवायला, चार माणसांत बसायला आम्हाला जागाच नसते. तुम्ही आमच्यासाठी उघडलंय, हे आम्हाला कळलंच नव्हतं." मी यांच्याकडं बघितलं. हे तोंड फिरवून डोळे पुसत होते. ज्या मुहूर्तापायी आम्ही आठवडाभर कपाळ बडवून घेतलं, त्याच मुहूर्तानं आम्हाला या गावाचं केलं होतं. जुन्या शेठला फोन गेलाच नाही. त्या हिवाळ्यात आमची चूल एक दिवसही थंड पडली नाही.

हा चमत्कार का, असं गावाकडं आले की बाया विचारतात. मला ठाऊक नाही, आणि वाद घालायची हौसही उरली नाही. माणसं आमच्या दारी यावीत म्हणून घट बसवताना मी नवस बोलले होते. आईनं उलट मलाच अनवाणी त्यांच्या दारी पाठवलं. आपण द्यायला आलोय या ताठ्यात मी होते, आणि तिनं आधी घ्यायला शिकवलं. तिची ही तऱ्हा मला अजून धक्का देते.

पुढं जानेवारीच्या शेवटच्या संध्याकाळी, त्या संत बाईंच्या सणाच्या आदल्या दिवशी, नोराबाई गवताची बाहुली घेऊन हॉटेलात आली. पांढरा कपडा नेसवलेला, हात जरा वाकडे जमलेले. म्हणाली, "एकटीला होणार नाही, तू चल." मी परडी घेतली. पहिल्या दाराशी आम्ही थांबलो. तिथं काय म्हणायचं असतं ते तिला आठवेना. तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मी तिचा हात घट्ट धरला आणि आत्याबाईंनी मला शिकवलेले शब्दच होता तेवढ्या आवाजात पुकारले, "जोगवा वाढा गं माय, आईचा जोगवा!"

आत दिवा लागला, आणि कुणीतरी पाव घेऊन दाराकडं धावत आलं.