इल्वा थांबते ती जागा

वीबके हार्म्सला रस्त्यात कुणी ओळखत नाही. बेकरीच्या रांगेत ती कोपराचे धक्के खात उभी असते. पण "दोन पाव द्या, खसखस लावलेले," एवढं तोंडातून निघालं की अख्खी रांग मागं वळते. कारण तो आवाज इल्वाचा. इल्वा म्हणजे अंतराळात यानं पळवणारी ती चोरटी पोरगी, जिच्यावर चार सिनेमे निघाले. पडद्यावरची नटी बोलते इंग्रजी, पण जर्मनीत इंग्रजी ऐकायला थिएटरात जातंय कोण? इथली इल्वा बोलते वीबकेच्या गळ्यातून. पहिल्या सिनेमापासून.

वीबके हुजुम गावची, समुद्रकाठची. बाप कोळंबी धरायचा. हिनं शाळेला अर्ध्यातच रामराम ठोकला आणि एका फिरत्या कठपुतळीवाल्यांच्या टोळीत शिरली. बाहुल्यांना आवाज देत देत बर्लिनला येऊन थडकली. पहिल्या सिनेमात इल्वा सोबत्यांचं यान चोरून पळते आणि ओरडते, "मी इथं थांबणार नाही!" ते वीबकेला कुणी शिकवावं लागलं नाही. तीही घरातून अशीच सुटलेली. दुसऱ्या सिनेमात इल्वा एका माणसासाठी अर्ध्या वाटेतून परत फिरते, कोर्डसाठी. त्याच वर्षी वीबके कित्येक वर्षांनी नाताळला बापाकडं गेली. दोघी बरोबरीनंच वाढल्या म्हणा ना.

घोळ झाला तिसऱ्यात.

तोवर सिनेमा बाहेर फुटू नये म्हणून कंपनी चित्र काळं करून पाठवायला लागली होती. सगळा पडदा काळाकुट्ट, मध्ये एक गोल भोक, त्यात नटीचे नुसते ओठ. बाई कुठं उभी आहे, समोर कोण आहे, काही दिसत नाही. ओठ हलले की बोलायचं. आवाज देणाऱ्या प्रत्येकाला वेगवेगळ्या दिवशी एकेकटं बोलावतात, त्यामुळं विचारायलाही कुणी नसतं. वीबकेपुढं ओळ आली, "जा. मागं बघू नकोस." तिला वाटलं शत्रूला हाकलतेय. तिनं अशी झापली की बोलायची सोय नाही. मग सिनेमा लागल्यावर तिकीट काढून बसली, तर समोर इल्वाची आई. आई जगावी म्हणून पोरगी काळजावर दगड ठेवून तिला घालवत होती. मागं बसलेली बाई नवऱ्याला म्हणाली, "काय दगड आहे ही."

झालं. तेव्हापासून जर्मनीत इल्वा दगड. चौथ्या सिनेमात ती हळवी होत गेली तर लोकांना पटेना. दगडाला पाझर कसा फुटला म्हणे. दोष ना लिहिणाऱ्यांचा, ना त्या नटीचा. वीबकेनं तेव्हाच ठरवलं, परत आंधळेपणानं तोंड उघडायचं नाही.

पाचवा सिनेमा शेवटचा. ओळ आली, "मी इथंच थांबते." काळा पडदा, भोक, ओठ.

वीबकेनं कानावरचे हेडफोन काढून ठेवले. डबिंगचा दिग्दर्शक डेटमार काचेपलीकडून म्हणाला, पाणी हवंय का, सफरचंद हवंय का. तिनं विचारलं, समोर कोण आहे? डेटमारनं संवादांची चोपडी चाळली. आधी कोर्ड खोकतो, एवढंच लिहिलेलं. त्यालाही चित्र काळंच मिळालेलं. आणि चौथ्या सिनेमात कोर्ड फितूर झालेला. म्हणजे ही त्याला धमकावतेय की सावरतेय, काय समजायचं?

सबंध सिनेमा पाहिलेला खोलीत एकच माणूस होता. कंपनीनं लंडनहून पहाऱ्याला धाडलेला प्रेंटिस, सगळ्यांचे फोन पेटीत घालून पेटीवर हात ठेवून बसलेला. त्यानं मान हलवली. सांगता येणार नाही.

डेटमारनं तिला बाजूला घेतलं. "वीबके, म्युनिकमध्ये एक पोरगी तयार ठेवलीय कंपनीनं. संध्याकाळपर्यंत येईल. शेवटच्या सिनेमात इल्वा दुसरीच बोलेल, चालेल तुला?"

"येऊ दे. तीही हेच विचारेल. नाही विचारलं तर ती इल्वा नाहीच," वीबके म्हणाली. "चार सिनेमे पळत आलेली पोरगी पहिल्यांदा म्हणतेय की थांबते. हे मी अंदाजानं बोलणार नाही. ओटोकारला बोलाव."

ओटोकार म्हणजे कोर्डचा आवाज. वयानं थोराड, पोट सुटलेला, जिभेला हाड नाही. त्याचं काम कालच उरकलं होतं. तो धापा टाकत जिना चढून आला आणि म्हणाला, काय गं, माझ्यावाचून करमेना होय? प्रेंटिस उठून उभा राहिला. म्हणाला, यानं न बोलण्यावर सही केलीय, एक शब्द सांगितला तर दोघं बाहेर.

"सांगू नकोस काही," वीबके म्हणाली. "काल जसा होतास तसा फक्त माझ्यासमोर राहा."

ओटोकारनं तिच्याकडं पाहिलं, मग प्रेंटिसकडं. त्याच्या वाटणीच्या भोकात काल कोर्डचे ओठ उभे दिसले होते, माणूस आडवा पडल्यावर दिसतात तसे. कोट काढून त्यानं खुर्चीवर टाकला, गुडघे धरत खाली बसला आणि गालिच्यावर सरळ आडवा झाला. एक हात छातीवर ठेवला आणि कालचा तोच खोकला खोकला. आत ओलं काही तरी फाटल्यासारखा.

प्रेंटिस परत खाली बसला आणि पेटीकडं बघत राहिला.

डेटमार आत आला. त्यानं माइकचा दांडा खाली खाली आणला आणि परत काचेमागं गेला. वीबके ओटोकारच्या उशाशी मांडी घालून बसली. काळ्या पडद्यात ओठ हलले.

"मी इथंच थांबते," ती म्हणाली, झोपलेल्याला जाग येऊ नये इतक्या हळू.

डेटमारनं काचेमागून अंगठा दाखवला. ओटोकार पडल्या पडल्या पुटपुटला, "झालं असेल तर उठवा रे मला कुणीतरी."

"पडून राहा," वीबकेनं त्याच्या खांद्यावर हात दाबला. "अजून एकदा घेऊ."