मोहाखालची पावलं

देवरीच्या जंगलात माझ्यासारखा माग काढणारा दुसरा नव्हता. मुंगी कोणत्या पायाने लंगडते ते मी धुळीवरून सांगायचो, आणि एकाही मुंगीने कधी नाकारलं नाही. म्हणून त्या चैत्रात माझ्या मोहाच्या झाडाखालची फुलं रोज सकाळी कमी भरू लागली, तेव्हा पाला जाळून साफ केलेल्या जमिनीवर मी नाकच टेकवलं.

राखेत ठसे लहान होते, पण प्रत्येक पावलाआधी बोटं घासल्याची रेघ. शेजारचा माणूस माग लपवायला पायाला काठी बांधून येतो, असं मी गावभर सांगून टाकलं.

"माहा पाय मोजून पाह्य," तो म्हणाला. "तुह्या चोराची दोन पावलं मावतीन यात."

ठशांमागे निघालो तो थेट माझ्याच अंगणात पोचलो. नऊ वर्षांची माझी पोर पाय धूत होती, ओटीत फुलं. रक्ताच्या कॅन्सरसाठी तिला नागपूरला सुया चालू होत्या आणि धुळीत जायची बंदी होती.

"पाय काऊन घासून राहिलीस?"

"खेळून राहिली."

मला वाटलं, शाळा चुकवायचं नाटक. चालायला लावलं, तर धानाच्या बांधीतल्या बगळ्यासारखी गुडघे उचलून चालली. एवढं नाटक कोणाला जमत नाही. मग तीच हळू म्हणाली, "बाबा, दवाखान्यात सांगू नोको. अजून सुया टोचतीन."

नागपूरला डॉक्टरबाईंनी विचारलं, काही त्रास? पोर म्हणाली, नाही. मी सगळं सांगितलं.

"टाचांवर चालून दाखव," बाई म्हणाल्या. पोरीची बोटं जमिनीवरून उठेचनात. घोट्यामागे रबरी हातोडी मारली, पाऊल हललं नाही. हातोडीच खोटी असेल म्हणून मी माझ्या घोट्यामागे मारून घेतली. माझ्या लाथेने टेबल भिंतीपर्यंत गेलं.

"सुईतल्या औषधाने नसा दुखावल्यात," बाई म्हणाल्या. "लवकर कळलं ते बरं. त्या औषधाची मात्रा कमी करू, व्यायाम देऊ. बहुतेक मुलांचे पाय हळूहळू सुधारतात."

"मात्रा कमी केल्यावर आजार परत आला तर?"

"बाकीची औषधं चालूच आहेत. रक्त तपासत राहू."

'येणार नाही' असं त्या म्हणाल्या नाहीत, हे मी नीट ऐकलं.

गाडीत पोर गोंदिया येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसली. उतरताना मी हात पुढे केला.

"चुगलखोर," ती म्हणाली, आणि तोच हात घट्ट धरून खाली उतरली.