तीन मुली, एक नोंद

दप्तरीमामांना कुठलीही जुनी नोंद वाचायला दिली, की ते आधी त्या घरची वाट सांगत. ओहोळ ओलांडायचा, मोहाच्या झाडापासून वर चढायचं, शेवटची झोपडी. घर सापडल्याशिवाय पुढचं अक्षर वाचायचे नाहीत. माझा जीव मेटाकुटीला यायचा.

जव्हारला आमचं काम चाललं होतं. जुन्या नोंदवह्यांचे नुसते फोटो काढायचे नव्हते, त्यातला अर्थ संगणकाला समजवायचा होता: कोण, कोणाचं, कुठलं, कशानं गेलं. मामांनी तरुणपणी मोखाड्याकडच्या पाड्यांवर फिरून मृत्यूच्या नोंदी केल्या होत्या. मुलं उपासमारीनं मरत होती त्या वर्षांतल्या. आता स्वतःचंच अक्षर ते मला वाचून दाखवत. संगणकाला ‘तुझा साहेब’ म्हणत.

एका वहीत बापाचं नाव तेच, पाडा तोच, पुढे ‘मुलगी, ताप’. एका पावसाळ्यात तीनदा. एकच नोंद पुन्हा पुन्हा लिहिली गेली असावी, असं संगणकानं सुचवलं. मीही मान डोलावली आणि तिघींची एक केली.

मामांनी दुसऱ्या दिवशी ते पाहिलं.

“पोरी तीन व्हत्या, बाय. मी तीनदा चढलो.”

मी म्हटलं, नावं असती तर संगणक चुकला नसता. मामांनी वहीतल्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं.

“नावाचा रकाना व्हता. मीच इचारलं नाय. आय रडत व्हती, आन मला अजून दोन घरं करायची व्हती.”

त्या आठवड्यात ते दुखरा गुडघा घेऊन जीपनं मोखाड्याला गेले, तिथून चालत पाड्यावर. आई जिवंत होती, फार थकलेली. थोरलीचं नाव सोनी, मधलीचं जानी. धाकटीचं तिला आठवेना. ती मामांना एवढंच म्हणाली, “तवा इचारतास त सांगितला असता.”

परत आल्यावर मामांनी मला तिघींच्या नोंदी वेगळ्या करायला लावल्या. धाकटीच्या नावाच्या रकान्यात ‘नाव विचारले नाही’ असं लिहायला सांगितलं, आणि न विचारणाऱ्याचं नावही.

“माझं लिव. पुरं लिव.”

मला ते जमेना. उद्या लिहिते, उद्या लिहिते म्हणत राहिले. भात कापणीला आलं आणि मामा गेले.

त्यांच्या दहाव्याहून परतल्यावर मी संगणक उघडला. मामांवर माझा जीव होता. धाकटीच्या नोंदीत त्यांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं लिहिलं.