वेशीवर अडलेले दाजी

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या अक्काचे यजमान, निवांत बसलेले पाहिलेत असं छातीठोकपणे सांगणारा माणूस निजामाच्या अख्ख्या राज्यात सापडला नसता. जेवायचे उभ्यानं, भाकरी हातावर घेऊन. दाढीला न्हावी आला तर बिचारा वस्तरा घेऊन अंगणभर त्यांच्या मागं फिरायचा. लग्नात तर मंगलाष्टकं चालू असताना अंतरपाटाआडून सटकले आणि सायकलीला कुणी हात लावला का ते बघून आले. भटजींना शेवटचं मंगलाष्टक पुन्हा म्हणावं लागलं. नोकऱ्यांचंही तेच. पूर्णेला रेल्वेत चार महिने, परभणीच्या बाजारात दोन, पुढचं त्यांनाच ठाऊक. शेवटी आमचे वडील, अण्णा, वैतागले. दिवाळीला आलेल्या अक्काला त्यांनी ठेवूनच घेतलं आणि निरोप धाडला, "कायमची नोकरी दाखवा अन् बायकू घेऊन जावा." अक्का बोलत नसे, पण बाहेर सायकलीची घंटी वाजली की हातातलं टाकून दाराशी येई.

अशात जिल्ह्याचा कारभार बघणाऱ्या तालुकदारसाहेबांना सायकलींची शर्यत भरवायची हुक्की आली. गंगाखेडहून निघायचं, बालाघाटाचे चढ चढायचे, दगडाधोंड्यांचा माळ तुडवून दिवस मावळायच्या आत परत यायचं. पहिल्याला कचेरीत कायमची नोकरी. दाजींचा लगेच निरोप आला, "हिचं बोचकं बांधून ठेवा."

वाट आमच्या गावच्या वेशीतून, आमच्या दारावरूनच जात होती. भर दुपारी धुरळ्यातून एकच सायकल वर आली, दाजींची. बाकीचे पार खाली, सायकली ढकलत. आणि अण्णा वाटेत आडवे झाले. जावई वेशीतून कोरड्या पायांनी, उपाशी जातो म्हणजे काय? भांडण आपल्या जागी, रीत आपल्या जागी.

"अण्णा, शर्यत हाय. जाऊ द्या त्यांना," मी म्हणालो.

"गाव तोंडात शेण घालंल," म्हणत त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्याच हातात दिला.

"दोन घास घेतो, उभ्यानंच," दाजी म्हणाले.

"जावयानं उभ्यानं जेवायचं? बसा."

सासऱ्याला नाही कसं म्हणायचं? मी पायांवर पाणी घातलं आणि दाजी पाटावर बसले. मांडी घातली खरी, पण पाय आतल्या आत पायडल मारत होते. आईनं गरम धिरडी टाकायला घेतली. बाहेरून एक सायकल गेली, मग दोन, मग मी मोजायचं सोडून दिलं. अण्णांचा आग्रह चालूच, "आणखी एक घ्या."

हात धुऊन दाजी हळूच म्हणाले, "अण्णा, नोकरी गेली की हो."

अण्णांचा चेहरा खर्रकन उतरला. आपण काय करून बसलो ते त्यांना आत्ता कुठं कळलं. तेवढ्यात अक्का बोचकं घेऊन बाहेर आली.

"जावई म्हणून पाय धुतले न्हवं, अण्णा? मग लेक सासरी जायलीय."

अण्णा वाटेतून बाजूला झाले. अक्का सायकलीवर मागं बसली आणि दाजी राहिलेली शर्यत पुरी करायला निघाले. ती वळून बघेल म्हणून अण्णा वेशीवर किती तरी वेळ उभे होते. तिनं बघितलं नाही. दाजींच्या सदऱ्याला घट्ट धरून ती पुढचा चढ बघत होती. मला लय आनंद झाला, आणि घरात शिरल्यावर रडूही आलं.