तिसऱ्या आकृतीतला जीव

चष्म्याच्या दुकानामागच्या दोन खोल्यांत जे कुटुंब राहायचं, त्या घरात मुलींना चालता येण्याआधी एक गोष्ट शिकवली गेली होती: काचेला हात लावायचा नाही. वडील भिंगं घासायचे. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांचा नंबर कळला की त्या नंबरचं गोल भिंग घ्यायचं, त्याच्या मध्यावर शाईचा ठिपका द्यायचा आणि फिरत्या दगडावर पाण्याची धार सोडून कडा घासत घासत ते फ्रेमच्या मापाला आणायचं, हे त्यांचं दिवसभराचं काम. बोटाच्या ठशानं काच मळते आणि ओढणीनं पुसली तर ओरखडते. म्हणून काच कुठंही मळकी दिसली तरी मुलींनी फक्त हाक मारायची. थोरलीनं एकदा फ्रॉकच्या टोकानं एक भिंग पुसलं होतं. त्या धपाट्याचा आवाज पाळण्यातल्या धाकटीनंसुद्धा ऐकला असावा, कारण पुढं कधी तिला तो नियम सांगावा लागला नाही.

धाकटी आता दहावीत होती. थोरलीनं कॉमर्स केलं आणि लगेच नोकरीला लागली, त्यामुळे आईच्या मते रस्ता मळलेला होता, धाकटीनं फक्त त्यावरून चालायचं होतं. धाकटीला मात्र सायन्स हवं होतं. का, ते तिला नीट सांगता यायचं नाही. जीवशास्त्राचा तास संपला की तिला वाईट वाटायचं, एवढंच ती सांगू शकली असती, आणि आईपुढं ते कारण टिकलं नसतं. आई दुकानाचा काउंटर सांभाळायची. गिऱ्हाइकाला कुठली फ्रेम शोभत नाही हे तोंडावर सांगण्यासाठी ती प्रसिद्ध होती. तिनं लेकीलाही तसंच सरळ सांगितलं. शाळांच्या प्रदर्शनाला प्रत्येक शाळेतून जीवशास्त्राचा एकच प्रकल्प जातो ना? तुझा गेला तर सायन्स. नाही गेला तर त्यावर पुन्हा शब्द नको.

धाकटीनं डोळ्यांत तेल घालून प्रकल्प केला. बागेतल्या तळ्याचं पाणी बरणीत भरून त्यात वाळकं गवत टाकलं आणि त्यात काय काय जगतं ते महिनाभर रोज बघायचं ठरवलं. जीवशास्त्राच्या बाईंनी खिडकीजवळचा सूक्ष्मदर्शक तिच्या नावावर करून दिला. शाळा भरण्याआधीचा अर्धा तास तिचा. जोडीला एक मैत्रीण होती. तिला सगळा वर्ग रेडिओ म्हणायचा, कारण तिला बंद करायचं बटण नव्हतं. रेडिओला एक डोळा मिटता यायचा नाही. एक मिटला की दुसराही मिटायचा. तेव्हा बघून आकृत्या काढायच्या धाकटीनं आणि वहीत लिहायचं रेडिओनं, अशी वाटणी पहिल्याच दिवशी झाली.

पहिल्या आकृतीत पॅरामेशियम होता, दुसरीत रोटिफर. हे दोघे पुस्तकात सापडले. तिसऱ्या आकृतीतला जीव कुठल्याच पुस्तकात सापडला नाही. तो वाटाण्याच्या आकाराचा, करड्या रंगाचा, एका बाजूला बारीक शेपूट असलेला होता. सुरुवातीला धाकटीनं त्याच्यापुढं प्रश्नचिन्ह काढलं, मग रेडिओनं त्याला सोबती असं नाव दिलं. कारण बाकीचे जीव इकडं तिकडं पळायचे, हा मात्र रोज हजर असायचा. काचपट्टी सरकवली तरी तो दृष्टीबाहेर जायचा नाही. धाकटी सांगायची आणि रेडिओ लिहायची: ‘सोबती खिडकीच्या बाजूला राहतो. पट्टी हलवल्यास तो पुन्हा त्याच जागी येतो. त्याला उजेडाची ओढ असावी.’ मोठं भिंग लावल्यावर बाकी सगळं फुगायचं, सोबती होता तेवढाच राहायचा. याचंही तिनं कारण शोधलं. तो पाण्यात खाली उतरत असणार.

बाईंनी एकदा चष्मा कपाळावर सरकवून आत पाहिलं, हं म्हणाल्या, आणि पुढं रोज पानाच्या तळाशी सही करत गेल्या. महिना भरला तेव्हा प्रकल्पाचं नाव ठरलं, ‘उजेडाची ओढ’. फलकावर यादी लागली. दोन मुलांनी पंप लावून केलेलं हृदय मागं पडलं होतं आणि धाकटीचा प्रकल्प प्रदर्शनाला निघाला होता. आईनं बातमी ऐकून फ्रेमचा स्क्रू पिळता पिळता मान हलवली. वडिलांनी त्या दिवशी आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं, त्यांतल्या दोघांना तर दोनदा.

मोठे तक्ते रंगवायचे म्हणून शनिवारी सूक्ष्मदर्शक टॉवेलात गुंडाळून घरी आला. दुपारी दुकान बंद करून वडील जेवायला आले, जेवले आणि त्या यंत्राशेजारी बसले. यंत्र उघडून बघावं असं त्यांना फार वाटत होतं, पण त्यांनी आधी विचारलं. धाकटीनं बरणीतल्या पाण्याचा थेंब ठेवून दिला आणि सोबती कुठं बघायचा ते सांगितलं.

वडील बराच वेळ वाकून राहिले. मग त्यांनी डोळ्याकडची नळी दोन बोटांनी धरून हळूच फिरवली.

“धाकटे, बघ,” ते म्हणाले. “आता कुठं आहे तुझा तो?”

तिनं पाहिलं. सोबती वर गेला होता. शेपूट आता खाली होतं.

“फिरव तू.”

तिनं नळी फिरवली. सोबती घड्याळाच्या काट्यासारखा नळीबरोबर फिरला. पॅरामेशियम आपले जागच्या जागी गोंधळ घालत होते.

वडिलांनी आणखी काही समजावून सांगितलं नाही, आणि त्याची गरजही नव्हती. दुकानात महिन्यातून दोन-चार माणसं यायचीच, मला डाग दिसतो म्हणून. वडील त्यांना चष्मा काढून जरा फिरवायला सांगायचे. डाग चष्म्याबरोबर हलला तर तो काचेवर आहे, पुसून देतो. नाही हलला तर डोळ्यात आहे, डॉक्टरकडं जा. धाकटीनं हे शंभर वेळा ऐकलेलं होतं. काच एकदा पुसून बघावी, हे शाळेतल्या कुठल्याही पोरीला सुचलं असतं. फक्त तिच्या हाताला ते वळण नव्हतं.

“एवढे दिवस पुसली नाहीस?” वडिलांनी विचारलं.

“तुम्हीच म्हणता ना, हात लावायचा नाही.”

 वडिलांनी नळी बाहेर काढली, रबरी फुग्यानं हवा मारली, मऊ कापडाचा कोपरा आत फिरवला. कापडावर वाळलेल्या डिंकाचा कण आला आणि त्याला चिकटलेला एक तंतू. एकतीस दिवसांचा सोबती अर्ध्या मिनिटात संपला. मी कुणाला सांगणार नाही, तुझं तू ठरव, असं म्हणून वडील दुकान उघडायला गेले. आईपासूनही ते लपवणार, हे त्यांच्या चालण्यावरून कळत होतं. एरवी ते एवढ्या लवकर दुकान उघडत नसत.

रविवारी धाकटीनं रेडिओला घरी बोलावून कापडावरचा कण दाखवला. रेडिओ आधी हसली आणि मग घाबरली. तिचं म्हणणं एका दमात निघालं: बाईंना कळलं नाही, परीक्षकांना काय कळणार आहे, तो कण फेकून दे, आणि तुझ्या आईनं काय सांगितलंय ते तरी आठव. ते धाकटीला आठवतच होतं. ती रात्रभर जागी वगैरे राहिली नाही, चांगली झोपली. सकाळी उठल्यावर तिनं वही उघडून तिसऱ्या आकृतीची एकतीस चित्रं एकामागून एक पाहिली. चित्रं खरंच छान आली होती. एकोणिसाव्या दिवशीचं शेपूट तर हुबेहूब होतं. तिला राग येत होता तो याचाच. एवढं नीट पाहिलं, आणि जे पाहिलं ते तिथं नव्हतंच. गेली दहा वर्षं वर्गातल्या बहुतेक मुली समोर काय आहे ते न बघताच पुस्तकातली आकृती उतरवत आल्या होत्या. तिनं पुस्तक मिटून बघितलं होतं आणि तरी चुकली होती. या दोन चुका सारख्या नाहीत असं तिला वाटलं, पण बाईंपुढं तसं बोलून दाखवण्याइतकी खात्री नव्हती.

सोमवारी तिनं बाईंना सांगितलं. बाईंनी वही चाळली. त्या चित्रं बघत नव्हत्या, पानांच्या तळाशी बघत होत्या. प्रत्येक पानावर त्यांची सही होती. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्या म्हणाल्या की तिसरी आकृती सरळ काढून टाकावी. दोन आकृत्या उरतात, सुबक आहेत, तेवढ्यावर प्रकल्प जाईल. कशाला कुणाला सांगायचं.

“पण बाई, उजेडाची ओढ त्याचीच होती,” धाकटी म्हणाली. “तो काढला तर निष्कर्ष कुणाचा लिहू?”

बाईंनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. मग म्हणाल्या, “ठीक आहे. जा वर्गात.” मधल्या सुट्टीपर्यंत फलकावरची ओळ बदलली होती. प्रदर्शनाला हृदय जाणार होतं. रेडिओ दुसऱ्या बाकावर जाऊन बसली आणि चार दिवस बंद राहिली, जे त्याआधी कुणी पाहिलेलं नव्हतं.

घरी सांगायला धाकटी दुकानातच गेली, म्हणजे एकदाच सांगून होईल. आई एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या चष्म्याची दांडी गरम करून वाकवत होती. वडील मागं दगडावर होते. त्यांनी लेकीला बघून दगड थांबवला. धाकटीनं सगळं सांगितलं: डिंक, तंतू, हृदय.  म्हातारं गिऱ्हाईकसुद्धा नीट ऐकत होतं.

“महिनाभर त्या डागाकडं बघत बसलीस?” आईनं विचारलं.

“हो.”

“रोज?”

“हो, रविवारीपण. शिपाई खोली उघडून द्यायचा.”

“कंटाळा नाही आला?”

धाकटीनं खरंच विचार केला. “नाही,” ती म्हणाली.

“आणि बाईंना कुणी सांगितलं? यांनी?”

वडील मागून म्हणाले, मी तोंड उघडलेलं नाही.

“मीच सांगितलं.”

आईनं दांडी गिऱ्हाइकाच्या कानामागं बसवून पाहिली, काढली, पुन्हा थोडी वाकवली. आता पुन्हा शब्द नको, असं ती म्हणेल म्हणून धाकटी काउंटरची कड धरून उभी होती.

“हिला कॉमर्सला घातली,” आई नवऱ्याकडं न वळता म्हणाली, “तर दुसऱ्या आठवड्यात आकड्यांना शेपटं काढील. भरू दे तो सायन्सचा फॉर्म.” आणि चष्मा गिऱ्हाइकाच्या नाकावर ठेवून तिनं विचारलं, आता टोचत नाही ना?

नाही म्हणून तो म्हातारा बराच वेळ धाकटीकडं नव्या चष्म्यातून बघत राहिला.