नासलं म्हणून ओतलेलं

ऐंशीनंतरच्या एका दुष्काळात विहिरीच्या तळाला उरलेल्या पाण्यावर आईनं मुळा आणि गाजर जगवलं. येरमाळ्याजवळच्या आमच्या गावात बायकांची लोणच्याची सहकारी सोसायटी नुकतीच निघाली होती. बौद्ध वस्तीतली सभासद एकटी आई, तीही वरून, सरकारी साहेबांचा दबाव आला म्हणून.

आईच्या लोणच्यात तेल नसायचं, परवडायचंच नाही. फोडी मिठाच्या पाण्यात बुडवायच्या, मोहरी ठेचून घालायची, वर दगड ठेवायचा. चार दिवसांत पाणी गढूळ व्हायचं, बुडबुडे यायचे. मग ते महिनाभर टिकायचं.

सोसायटीच्या अध्यक्ष बाईंनी आईच्या बरण्या उघडल्या आणि नाकाला पदर लावला.

"नासलंय हे. जंतू झालेत. ओत उकिरड्यावर."

आई त्यांच्याहून वयानं मोठी. "बाई, नासलं न्हाय, आंबलंय. चाखून तर बघा तुमी."

"मी?" एवढंच म्हणून त्या हसल्या. आईनं दोन्ही बरण्या स्वतःच्या हातानं ओतल्या.

मी तेव्हा औरंगाबादला सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होते. सुट्टीला आल्यावर हे कळलं आणि डोकं फिरलं. घरच्या मडक्यातलं पाणी बाटलीत भरून मी प्रयोगशाळेत नेलं. सरांनी आधी त्यातला आंबटपणा मारला, म्हणजे जंतू नुसत्या आंबटपणानं मेले असं कुणी म्हणायला नको. मग अन्न नासवणारे जंतू पसरलेल्या बशीत बारीक खळगा करून त्यात थेंब सोडले. दुसऱ्या दिवशी बशीभर जंतू माजलेले, खळग्याभोवती मात्र स्वच्छ गोल. आंबवणारे जंतू आपल्या अंगचं असं द्रव्य सोडतात की नासवणारे जवळ फिरकत नाहीत, सर म्हणाले. तसं त्यांनी कागदावर लिहूनही दिलं.

सोसायटीच्या बैठकीत मी तो कागद मोठ्यानं वाचला.

"जंतूंचं मला सांगू नकोस," बाई म्हणाल्या. "गिऱ्हाईक विचारतं, कुणाच्या हातचं म्हणून."

"मग जंतूंचं नाव कशाला घेतलंत? तेच बोलायचं होतं सरळ!" मी ओरडले. आईनं माझं मनगट धरून मला बाहेर काढलं.

आईनं सोसायटी सोडली. रोजगार हमीच्या रस्त्याच्या कामावर दुपारी भाकरीसंगं ती ते लोणचं वाटू लागली. वरच्या आळीतल्या बायकाही हात पुढं करायच्या, आणि बाभळीआड जाऊन खायच्या. त्यावरून मी आईशी कडाकडा भांडले.

"उन्हात खडी फोडत्यात गं त्या," ती म्हणाली.

मला ते तेव्हा पटलं नाही. आजही पटत नाही.