राजाराणीचा मग

इंग्लंडातल्या कुठल्याशा गावात सकाळी लिलाव सुरू होतो, तेव्हा मेहकरात दुपार झालेली असते. त्या दुपारी माझा पाय घरात ठरत नव्हता. मोबाइलवर बोली लावत गच्चीवर, रेंज गेली की जिन्यात, पुन्हा गच्चीवर. बायको म्हणाली, "पोरीच्या बाळंतपणातही एवढ्या येरझारा घातल्या नव्हत्या तुम्ही." खरं होतं ते.

निवृत्त झाल्यापासून मला जुन्या विलायती चिनी मातीचा नाद लागलाय. कपाटात जहाजांची चित्रं असलेल्या बशा आहेत, गुलाब रंगवलेले जग आहेत, तिकडच्या राज्याभिषेकांच्या आठवणीचे मग तर ओळीनं. पण जीव अडकला होता एकाच मगात. राजाराणीचे चेहरे, काठाला निळी रेघ. तसा मग लहानपणी उंद्रीजवळच्या आमच्या घरी होता, गोठ्याच्या भिंतीतल्या उंच कोनाड्यात. एकदा मी चढून हात लावला तर आईनं पाठीत धपाटा घातला. ज्याला हात लावायचा नाही ते मौल्यवान, एवढं मला तेव्हा कळलं. तिथूनच हा नाद लागला, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगत आलो.

त्या दुपारच्या लिलावात तसाच एक मग मला मिळाला. पार्सल यायला दीड महिना लागला आणि तो दीड महिना मी घरच्यांचं डोकं खाल्लं. आल्यावर काठावरून बोट फिरवलं, कुठे टवका नव्हता.

आता तो कुणाला तरी दाखवायचा होता. आमच्याकडे वर्षानुवर्षं सालदार राहिलेले बाबा डोळे तपासायला मेहकरात आले, तेव्हा त्यांना आग्रहानं घरी आणलं. लहानपणी मी त्यांना अरेतुरे करायचो. तो गोठा माहीत असलेलं तेवढंच माणूस आता उरलंय.

बाबांनी मग हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला.

"हा तं माहा व्हय," ते म्हणाले.

मी हसलो. मला वाटलं, थट्टा करताहेत.

"तुमच्या आजोबाले कोण्या सायबानं देल्ला होता म्हणे. मातीचा, इटाळाचा म्हणून घरात चाले नाही. आमच्या जातीले घरातला कप देत नव्हते नं तवा. मंग हा माह्यासाठी कोनाड्यात ठेवला. तुमची माय वरतून चाय टाके. पेऊन झाला का मी इसळून पालथा घालो."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. धपाट्यानंतर आईनं मला लगेच आंघोळ घातली होती, हे मला तेव्हा आठवलं. इतकी वर्षं ते मी सोयीनं विसरलो होतो.

"चित्र मातर आज नीट पाह्यलं," बाबा म्हणाले. "काऊन शोधून राह्यले होते हा, भाऊ?"

बायकोनं चहा आणला, सगळ्यांना रोजच्या कपांत. पिऊन झाल्यावर बाबा उठले, अंगणातल्या नळाखाली कप विसळला आणि ओट्यावर पालथा घातला. मी "राहू द्या, बाबा" म्हणेपर्यंत झालंही होतं.

"सवय हाय," ते म्हणाले.

ते गेले तरी मला एका जागी बसवेना. राजाराणीला कपाटात ठेवलं, बाहेर काढलं, पुन्हा ठेवलं, पुन्हा काढलं. शेवटी अंगणात गेलो, ओट्यावरचा कप आणून आमच्या कपांत ठेवला. तो मग कुठे ठेवावा, ते मात्र अजून सुचलेलं नाही.